विश्वाचा अंत आणि माझा पहिला नंबर

पुस्तकाची वाट बघणाऱ्या माणसाला आमच्या घरात कोणी माणसांत धरत नाही. गॅसच्या सिलिंडरची वाट बघितली तर चालते. प्लंबरची वाट बघायची असेल तर सगळं घर आपल्याबरोबर खिडकीत उभं राहतं. पण "अजून आलं नाही बुवा ते पुस्तक" असं म्हटलं की बायको माझ्याकडे अशी बघते, जणू मी लग्नाआधीच्या कुठल्या तरी ओळखीची वाट बघतोय.

त्यातून माझी आवड विज्ञानाच्या पुस्तकांची. म्हणजे सोप्या विज्ञानाच्या; समीकरण दिसलं की मी आदरानं पान उलटतो. पोटासाठी मी वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात आहे. लोक तक्रार करतात, मीटर आमच्या टेबलावर येतो, आम्ही तो तासभर चालवून बघतो आणि "मीटर बरोबर आहे" असा शेरा मारून परत पाठवतो. म्हणजे पर्यायानं ग्राहक चूक आहे. हे काम आयुष्यभर केल्यावर माणसाला संध्याकाळी अशा एखाद्या गोष्टीबद्दल वाचावंसं वाटतं, जी आपल्या टेबलावर मावणार नाही. मी कृष्णविवरांवरचं वाचतो, मेंदूवरचं वाचतो, यंत्रांना अक्कल येणार की नाही यावरचं वाचतो. आणि जी पुस्तकं अजून यायची आहेत त्यांची पत्रकं तर मी पुस्तकांपेक्षा आवडीनं वाचतो, कारण न आलेलं पुस्तक कधीच वाईट नसतं.

अशाच एका पत्रकात मला ते दिसलं. विश्वाचा शेवट कसा होणार, या विषयावरचं नवं कोरं पुस्तक. खाली लिहिलं होतं, 'अखेरच्या प्रकरणातील निष्कर्ष वाचकाला थक्क करेल.' मला थक्क होऊन बरीच वर्षं झाली होती. मी पत्रक घडी करून पाकिटात ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच आहे तर विकत घ्यावं की. तर त्याचं असं आहे, की आमच्या पलंगावरची पुस्तकांची फळी मध्यंतरी कोसळली. त्या वेळी पलंगावर मी नव्हतो, बायको होती. तिला लागलं काही नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात विकतचं पुस्तक येत नाही. जे यायचं ते वाचनालयातून येतं आणि मुकाट्यानं परत जातं.

आणि वाचनालय म्हटलं की तिथं 'अग्रलेख' आला. अग्रलेख म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. साधं "पाणी गेलंय का?" विचारलं तरी ते सुरुवात, मध्य आणि निष्कर्ष असं बोलतात, म्हणून अख्खी इमारत त्यांना अग्रलेख म्हणते. वाचनालयाचे खजिनदार त्यांचे जुने सहकारी. त्यामुळे विज्ञानाचं कुठलंही नवं पुस्तक आलं की पहिला नंबर त्यांचा. एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण वाचून झालं की हे मला जिन्यात गाठतात. मेंदूवरच्या पुस्तकाच्या वेळी म्हणाले, "शेवटी तो म्हणतो की मेंदूचं काही कळत नाही. असो, तुम्ही वाचा." समुद्राखालच्या प्राण्यांवरचं पुस्तक मी निम्मं वाचलं होतं, एका ऑक्टोपसमध्ये माझा जीव गुंतला होता, आणि हे लिफ्टचं दार धरून म्हणाले, "तो ऑक्टोपस मरतो हो शेवटी."

मी मनाशी ठरवलं, विश्वाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ते मला अग्रलेखाकडून कळता कामा नये. या वेळी पहिला नंबर माझा.

दुसऱ्याच दिवशी वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

"एका पुस्तकाची मागणी नोंदवायची आहे," मी म्हणालो.

"प्रकाशित झालंय?"

"पुढच्या महिन्यात होणार आहे."

"मग पुढच्या महिन्यात या. जे अस्तित्वातच नाही त्याची मागणी घ्यायला लागले तर उद्या लोक काय वाट्टेल ते मागतील."

पुढच्या महिन्यात पुस्तक आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही आलं नाही. प्रकाशकाला फोन केला तर पलीकडचा मनुष्य म्हणाला, "विश्वाला अजून भरपूर वेळ आहे साहेब, काळजी करू नका." असले विनोद करायला यांना वेळ असतो. अखेर पुस्तक आलं, वाचनालयानं घेतलंसुद्धा, आणि मी धावत पुन्हा खिडकीशी.

"आता नंबर लावा माझा."

"दाखल झाल्याशिवाय नंबर लागत नाही."

"आलंय ना पण? ते काय, तुमच्या मागच्या टेबलावर दिसतंय!"

"आलंय. दाखल झालेलं नाही. बांधणी झाली की दाखल होतं."

ही बांधणी म्हणजे आमच्या वाचनालयाचा अभिमानाचा विषय आहे. इथं नवं पुस्तक वाचकाच्या हाती पडत नाही; ते आधी बाइंडरकडे जातं. तिथं त्याचं रंगीत मुखपृष्ठ काढून टाकतात, शिवण उसवतात, मग जाड दोऱ्यानं पुन्हा शिवून वर पुठ्ठा आणि काळं रेक्झिन चढवतात. त्यामुळे आमच्याकडची प्रेमकथा आणि मूळव्याधीवरचं पुस्तक बाहेरून हुबेहूब सारखं दिसतं. "आमच्या वाचनालयात एकाही पुस्तकाचं पान सुटलेलं नाही," असं अध्यक्ष दर वार्षिक सभेत सांगतात. वाचक किती सुटले ते कोणी विचारत नाही.

"मग पाठवा ना बांधणीला," मी म्हणालो.

"शिपाई रजेवर आहे. तो आला की जातील."

"कधी येईल?"

"गावाला गेलाय. जमिनीची केस आहे."

जमिनीची केस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पिढ्या उभ्या राहिल्या. आणि मी ते वाक्य बोललो. शहाण्या माणसानं आयुष्यात जी वाक्यं बोलू नयेत त्यांत याचा क्रमांक बराच वर लागेल. मी म्हणालो, "मी नेऊन देतो की!"

बाईंनी प्रथमच चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी संधी साधून म्हटलं, "पण मग पहिला नंबर माझा." त्यांनी विचार केला आणि मान हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

नव्या पुस्तकांचे दोन गठ्ठे स्कूटरवर पुढे पायांत आणि मागे दोरीनं बांधून मी बाइंडरकडे निघालो. बाइंडरचं दुकान एका छापखान्याच्या मागच्या जिन्याखाली. आत खळीचा आंबूस वास, कागद कापायचं अवजड यंत्र आणि जमिनीपासून छातीपर्यंत पानांचे ढीग. बाइंडर जाडजूड, सदा वैतागलेला. त्यानं माझ्यासमोरच सगळ्या पुस्तकांची मुखपृष्ठं टराटरा काढली.

"अहो, मग कुठलं पुस्तक कुठलं ते कसं कळणार?" मी घाबरून विचारलं.

"मला कळतं. तुम्हाला कळायची गरज नाही. आठवड्यानं या."

मी दुसऱ्या दिवशीच गेलो. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जायचो, स्टुलावर बसून खायचो आणि अधूनमधून "आज शिवणार का?" असं विचारायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही इथं बसता ना, त्यानं खळ वाळत नाही."

त्याच दिवशी तो चहाला म्हणून बाहेर गेला. मी एकटा. समोर उसवलेल्या पुस्तकांचे ढीग, प्रत्येक पुस्तक दोन भागांत आडवं-उभं रचलेलं. आणि एका भागाच्या वरच्याच पानावर मला शब्द दिसला, 'आकाशगंगा'. माझं पुस्तक! त्याचा उत्तरार्ध! मी तो अलगद उचलला. तळाशी अखेरचं प्रकरण होतं. एक पान उलटलं असतं तर विश्वाचा निकाल माझ्या हातात होता.

पण मी तसला माणूस नाही. पुस्तकाचा शेवट आधी वाचणं आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं मी एकाच पापात धरतो. मी ती पानं नुसती छातीशी धरून बसलो, आणि तेवढ्यात दारातून गर्जना आली, "ओ साहेब! हात नाही लावायचा! खाली ठेवा!"

मी दचकून पानं समोरच्या ढिगावर ठेवली. समोरचा म्हणजे जवळचा. सगळे ढीग सारखेच होते.

पुढे आठवडाभरानं ते पुस्तक काळ्या रेक्झिनमध्ये माझ्या हाती पडलं तेव्हा मागे रांगेत अग्रलेख उभे होते. "अभिनंदन," ते म्हणाले. "वाचनाचा प्राधान्यक्रम हा तसा गौण मुद्दा आहे. पण आठच दिवस आहेत तुम्हाला. नव्या पुस्तकाची मुदत वाढत नाही." त्यांचा नंबर दुसरा होता. त्यांच्या मागे आणखी बाराजण. मी कोणाकडे न बघता पायऱ्या उतरलो.

इथं घरातल्या आणखी एका वाचकाबद्दल सांगायला हवं. माझ्या सासूबाई आमच्याकडेच राहतात आणि रहस्यकथा वाचतात. वाचतात म्हणजे फडशा पाडतात. वाचनालयात त्यांचं स्वतःचं कार्ड आहे, त्या आपलं आपण जाऊन आणतात. मी त्यांच्या वाचनाबद्दल एका शब्दानं कधी बोललेलो नाही. त्या वाचत असल्या आणि मी तिथून गेलो, तर फक्त एक सुस्कारा टाकायचो. माझ्या मते तो अगदी लहान असायचा.

तर मी पुस्तक उघडलं. काय सांगू! कंजूष माणूस पेढा खातो तसं मी ते वाचत होतो, पुरवून पुरवून. विश्व कसं फुगत चाललंय, शेवटासाठी किती शक्यता आहेत, हे सगळं आकसून एका ठिणगीत मिटेल की फाटून चिंध्या होतील की आणखी काही. जेवतानाही माझं लक्ष नसायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "तारे विझायला किती वेळ लागतो हो?" मी "भरपूर" म्हणून घास घेतला. बायको म्हणाली, "यांना भाजीत मीठ नाही हे कळायलासुद्धा तेवढाच लागतो."

निम्म्यावर आलो. प्रकरण संपत आलं होतं. शेवटची ओळ होती, 'तेव्हा या सर्व शक्यतांमधून विश्वाचा अंत नेमका कोणत्या मार्गाने होईल, याचे उत्तर आता हाती आले आहे. ते उत्तर असे, की'

मी पान उलटलं.

'दार आतून बंद होते. इन्स्पेक्टरने खांद्याने धडक दिली. बाईसाहेब गालिच्यावर पडल्या होत्या आणि त्यांच्या हातातला कप तसाच होता.'

आधी मला वाटलं, उदाहरण असेल. हल्लीचे लेखक अवघड गोष्ट सोपी करायला काहीबाही दाखले देतात. इन्स्पेक्टर म्हणजे शास्त्रज्ञ, बंद दार म्हणजे निसर्गाचं गूढ. मी तीन पानं संयमानं वाचली, आता हा विश्वाकडे वळेल, मग वळेल. तो काही वळला नाही. त्यानं मोलकरणीची जबानी घेतली. मग मी एकदम शेवटचं पान उघडलं, तर तिथं कोणाला तरी बेड्या घालत होते. मी पुस्तक मिटलं. बाइंडरचं दुकान, छातीशी धरलेली पानं, समोरचा ढीग, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी तसाच वाचनालयात गेलो.

ग्रंथपालबाईंनी पुस्तक हातात घेऊन सगळी पानं चाळली.

"पूर्ण आहेत पानं."

"पण ती दुसऱ्या पुस्तकाची आहेत!"

"पूर्ण आहेत ना पण?"

"अहो बाई, इथं विश्वाच्या मध्यावर खून झालाय!"

"ओरडू नका, वाचनालय आहे हे," त्या म्हणाल्या. मग थोड्या नरमल्या. कुठल्या तरी रहस्यकथेच्या पोटात माझा उत्तरार्ध गेला असणार हे त्यांना पटलं. पण त्या खेपेला रहस्यकथा बऱ्याच आल्या होत्या, सगळ्या बाहेर गेल्या होत्या, आणि कोणाकडे गेल्या ते सांगता येत नाही असा नियम होता. दुरुस्तीसाठी दोन्ही पुस्तकं एकदम जमा व्हायला लागतात, असाही नियम होता. आणि नंबर लागलेलं पुस्तक सगळी रांग संपेपर्यंत परत मागवता येत नाही, असा तर फारच जुना नियम होता.

"बाइंडरला विचारू का मी?" बाईंनी विचारलं.

"नको, नको," मी घाईघाईनं म्हणालो. "गरीब माणूस आहे. कशाला त्रास?"

पुस्तकांच्या दुकानात गेलो, तर पहिली आवृत्ती संपलेली, दुसरी छपाईला गेलेली. ऑफिसातला माझा शेजारी म्हणाला, "मोबाइलवर बघ की शेवट काय आहे ते." या माणसाला मी आजवर मित्र समजत होतो. इतके महिने ज्याची वाट बघितली ते असं अंगठ्यानं सरकवून बघायचं? आणि घरी तोंड उघडायची सोय नव्हती, कारण अग्रलेखाला नुसता वास लागला असता, तर खजिनदारांना गाठून त्यांनी दुसरा अर्धा भाग संध्याकाळपर्यंत पैदा केला असता आणि रात्रीच्या आत मला जिन्यात ऐकवला असता. रोज सकाळी ते विचारायचे, "झालं का वाचून?" मी म्हणायचो, "मनन चालू आहे."

आता राहिला एकच उपाय. माझ्याकडची अर्धी रहस्यकथा कुठली ते ओळखायचं, म्हणजे निदान त्या नावाचं पुस्तक शोधता येईल. त्यासाठी ती वाचणं भाग होतं. केवळ तपासाच्या दृष्टीनं. मी वाचायला लागलो. पहिल्या दिवशी तपासाच्या दृष्टीनं वाचलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटरच्या माहितीपुस्तकाच्या आत घालून वाचलं, आणि साहेब मागे येऊन उभे राहिले तेव्हा ते मला कळलं नाही, कारण नर्सच्या पर्समध्ये दुसरी किल्ली सापडली होती. त्या दिवशी मी एका मीटरवर "संशयास्पद" असा शेरा मारला.

रविवारी दुपारी, बैठकीच्या खोलीत, मी शेवटच्या पानावर आलो. सासूबाई खिडकीशी डोळे मिटून पडल्या होत्या. खून घड्याळजीनं केला होता. ठीक आहे. पण हा घड्याळजी कोण? साऱ्या उत्तरार्धात त्याचा पत्ता नाही आणि शेवटी एकदम त्यालाच बेड्या! तो बाईसाहेबांच्या घरात आला कसा, त्याचं त्यांच्याशी वैर काय, हे सगळं पहिल्या भागात, आणि तो पहिला भाग देव जाणे कोणाच्या उशाशी. आता मला विश्वाचा शेवट माहीत नव्हता आणि खुनाची सुरुवात माहीत नव्हती. मी पुस्तक मांडीवर आपटून मोठ्यानं म्हणालो, "अरे पण हा घड्याळजी कोण?"

"बाईंचा जुना भाडेकरू," खिडकीकडून आवाज आला. "त्याला त्यांनी भर पावसात बाहेर काढला होता. मला तेव्हाच वाटलं होतं."

मी वळून बघितलं. सासूबाई उठून बसल्या होत्या.

"म्हणजे त्यानंच केला ना?" त्या म्हणाल्या. "पहिल्या भागात दोनदा येतो तो. दोन्ही वेळा हाताकडे न बघता वाजले किती ते सांगतो. असला माणूस सरळ नसतो."

"आई, तुमच्याकडे पहिला भाग आहे?"

"होता. काल परत केला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या रविवारी कळला. गावभर हिंडत होतो मी, आणि माझा उत्तरार्ध पलीकडच्या खोलीत, माझ्या सासूबाईंच्या उशाशी पडून होता!

"मग बोलला का नाहीत? इतके दिवस माझा जीव कासावीस झालाय!"

"आधी मला वाटलं, इन्स्पेक्टर तपासाला वेधशाळेत गेला असेल. मग कळलं की हे तुमचं आहे. सांगणार होते मी. ताऱ्यांचं विचारलं नाही का मुद्दाम? पण तुम्ही मान वर केली नाहीत. आणि पुढे म्हटलं, सांगायला जावं तर तुम्ही सुस्कारा टाकाल."

मला खरोखर लाज वाटली. इतकी वर्षं त्या माझ्या घरात वाचत होत्या आणि 'काय वाचताय?' एवढंसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

पण लाजेनं विश्वाचा शेवट कळत नाही. मी हळूच विचारलं, "शेवटचं प्रकरण वाचलंत?"

"शेवट वाचल्याशिवाय मी पुस्तक परत करत नाही."

"मग सांगा ना."

"आधी ते पुस्तक द्या इकडे."

"मी सांगतो की खुनाचं! दार आतून बंद कसं, ते सगळं सांगतो."

"सांगितलेल्या खुनात काय मजा?" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. न देऊन सांगतो कोणाला.

खुनाचा भाग त्यांनी चहाच्या आत संपवला. मला वाटलं, आता बोलतील. तर त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि पहिल्या पानापासून विश्वाला सुरुवात केली. "शेवट कळला, पण आधीचं कुठं कळलं होतं?" त्या म्हणाल्या. दुसरा दिवस माझ्या मुदतीचा शेवटचा. ऑफिसातून आलो तर त्या वाचतच होत्या, आणि बैठकीच्या खोलीत अग्रलेख पाय पसरून बसले होते.

"मुदत आज संपते," ते म्हणाले. "नियमाचं पालन हा सामाजिक जीवनाचा पाया आहे."

"आई वाचताहेत," बायको म्हणाली.

"आई? विज्ञान?"

"का? त्यांनी काय नुसते खूनच वाचायचे?" हे मी बोललो. कोण बोललं म्हणून मीच दचकलो.

थोड्या वेळानं सासूबाई बाहेर आल्या आणि पुस्तक अग्रलेखांच्या हातात ठेवलं. "छान आहे. पण मधे जरा वळण आहे हं," एवढंच त्या म्हणाल्या. अग्रलेखांना दारापर्यंत पोचवताना मी चेहरा इतका गंभीर ठेवला होता की गाल दुखायला लागले.

मग मी दोन खुर्च्या गॅलरीत नेल्या. बायको दाराला टेकून उभी राहिली. सासूबाईंनी घसा साफ केला.

"हे बघा, संशयित तीन," त्या म्हणाल्या. "एक आकसणारा, एक फाडणारा, आणि एक गप्प बसलेला. पहिल्या दोघांवर सगळ्यांचा संशय, कारण ते फार आरडाओरडा करतात. पण पुरावा बघायला गेलं तर तो तिसऱ्याकडेच जातो."

मी कृष्णविवरांवरची, ताऱ्यांवरची इतकी पुस्तकं वाचली, पण विश्व असं कोणी सांगितलं नव्हतं. एकेका संशयिताची त्या उलटतपासणी घेत होत्या. कुठं अडलं की मला विचारायच्या, "ते पहिल्या भागात काय म्हटलंय हो?" आणि मी सांगायचो. अर्धं त्यांचं, अर्धं माझं, असं करत आम्ही शेवटापर्यंत आलो.

"आणि मारेकरी?" बायकोनं विचारलं.

"मारेकरी कोणी नाहीच गं. कोणी मारत नाही त्याला. सगळं नुसतं एकमेकांपासून लांब लांब जात राहतं. इतकं लांब, की एकाचा उजेड दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. मग एकेक दिवा विझतो आणि शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. असा शेवट."

मी खरोखर थक्क झालो होतो. पत्रकात खोटं लिहिलेलं नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि हे मला यांनी सांगितलं म्हणून फार बरंही वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. अग्रलेखांनी निम्म्यावर पोचताच रीतसर तक्रार केली. समितीची बैठक झाली. निर्णय असा लागला, की दोन्ही पुस्तकांची मिळून एकूण पानं तंतोतंत भरतात, वाचनालयाच्या मालमत्तेत एका पानाचीही घट नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. बाइंडरनं मात्र काहीतरी सांगितलं असावं, कारण आता वाचनालयाच्या दारावर पाटी आहे, 'सभासदांनी बांधणीच्या ठिकाणी जाऊन बसू नये.' अग्रलेख अजून मला जिन्यात गाठतात. पण उत्तरार्ध अजून रहस्यकथांच्या रांगेत फिरतोय, म्हणून आता विचारतात, "शेवटी काय होतं हो विश्वाचं?" मी म्हणतो, "असो, तुम्ही वाचा."

मध्यंतरी नवं पत्रक आलं. मुंग्यांवरचं पुस्तक येतंय, मुंग्या रस्ता कसा शोधतात त्यावर. मी या वेळी सगळी तयारी आधीच केली. प्रकाशनाच्या दिवशी खिडकीशी हजर झालो, शिपायाची केस निकालात निघाल्याची खात्री करून घेतली, बांधणी संपायची वाट बघितली आणि पुस्तक दाखल व्हायचं होतं त्या सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात उभा राहिलो.

"ते गेलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"गेलं? कोणाकडे? अजून शटर अर्धंच वर आहे!"

"तुमच्या सासूबाईंकडे. काल संध्याकाळी जाताना मीच दिलं त्यांना. त्या मागेच म्हणाल्या होत्या, मुंग्यांचं आलं की मला ठेवा हं."

"आणि मागणी? दाखल होणं? नंबर?"

"अहो, त्यांनी ठेवा म्हटलं होतं," बाई म्हणाल्या, जणू याच्यापुढे नियम तो काय.

घरी आलो. सासूबाईंच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. मुंग्यांमध्ये हसण्यासारखं काय असतं? मी दाराबाहेर घुटमळलो, दोन वेळा खोकलो, मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं चहा केला आणि त्यांना नेऊन दिला. कितव्या पानावर आहेत एवढं तरी दिसावं, इतकीच इच्छा होती. त्यांनी पुस्तक झटकन उशीखाली सरकवलं, कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा दुसरा नंबर आहे."